बिनटोपीचा वॉट

माझा नवरा वॉट स्कॉटलंडकडून एकच रग्बी सामना खेळला, तोही अर्जेंटिनात. दौऱ्यातल्या सामन्यांना तेव्हा देशाची मानाची टोपी देत नसत. पुन्हा निवड झालीच नाही. आमचं अख्खं हॉइक गाव त्याला ‘बिनटोपीचा वॉट’ म्हणून चिडवायचं.

आज पन्नास वर्षांनी रग्बी संघटनेचा माणूस टोपी घेऊन दारात आला.

"उशीरच झाला, आजी."

"इतकी वर्षं झोपला होतात की काय?" मी खेकसले.

खेळताना डोक्यावर बसलेल्या दणक्यांनी वॉट आता मलाही ओळखत नाही. त्याने निळ्या मखमलीवरून हात फिरवला, चंदेरी गोंडा नीट केला आणि टोपी माझ्या हातात दिली.

"ज्याची आहे त्याला देऊन टाका, बाई. बिचारा वाट बघत असेल."