कडेवर पोर घेतलेली बाई

सगळी तुकडी युद्धनियमांत पास झाली. फळ्यावर तसं लिहिलंही गेलं. पण हे झालंच नाही असं आपण तूर्त समजू. कायदेकाकाही तसंच समजत होते.

कायदेकाका म्हणजे छावणीत युद्धाचे नियम शिकवणारे उस्ताद. त्यांचा तास जेवणानंतर असे. ‘शरण आलेल्याला मारायचं नाही’ हे वाक्य ते वर्षानुवर्षं घोरण्याच्या साथीवर म्हणत आले होते.

त्या दुपारी मैदानावर परीक्षा होती. प्लायवूडची माणसं एकेक करून उभी राहत. बंदूकवाला दिसला की गोळी घालायची; कडेवर पोर घेतलेली बाई दिसली की थांबायचं. बाई उभी राहिली आणि अख्ख्या तुकडीनं तिची चाळण केली.

“काका, ती एकदम उठली ना!”

“तिचं घर आहे तिथं. तुला विचारून उठेल?”

“हातात काहीतरी होतं.”

“पोर होतं.”

“लांबून कळत नाही हो.”

“म्हणूनच थांबायचं, गाढवा!”

तेवढ्यात साहेब आले. भोकातून पलीकडचं बघत म्हणाले, “वा! काय नेम आहे!”

“साहेब, सगळे नापास आहेत. मला उद्याचा एक दिवस द्या.”

“उद्या पहाटे तुकडी सीमेवर निघतेय. शत्रूला सांगू, आमच्या काकांचा धडा राहिलाय म्हणून?”

“सांगून बघा ना.”

साहेब हसले. वर्गात गेले आणि खडू स्वतःच उचलला.

घरी बायकोनं नेहमीसारखी खळ शिजवायला घेतली. प्लायवूडच्या बाईच्या भोकांवर कागद चिकटवायला ती लागे.

“आज परत मेली?”

“मेली.”

“आणि पोर?”

काका कागदाचे तुकडे फाडत राहिले. तिनं भांड्यात आणखी एक मूठ पीठ टाकलं.

पहाटे ट्रक निघाले. “येतो काका!” म्हणत पोरं हात हलवत होती. काकांनीही हात हलवला. बोटांवर खळ वाळली होती. मग वर्गात जाऊन त्यांनी फळा पुसला आणि ते वरच्या कार्यालयाला अर्ज लिहायला बसले:

‘सदर तुकडीची फेरपरीक्षा होणे बाकी आहे. तरी सीमेपलीकडील सर्व बायकांना आपल्या स्तरावरून कळवण्यात यावे, की पुढील सूचना मिळेपर्यंत त्यांनी कडेवर पोर घेऊन अचानक उभे राहू नये, ही नम्र विनंती.’