सतरा-तीस

आई गेली तेव्हा मी सुरतेला. माझा नवरा गिरधर तिथं रेल्वेत. धाकट्या भावाची, चिंधाची, तार सकाळी आली. तीन वर्षं माहेरी पाऊल टाकलं नव्हतं. कधी रजा नाही, कधी पोरांच्या परीक्षा. आता एकच हवं होतं, आईचं तोंड शेवटचं पाहायचं.

गिरधरनं रेल्वेच्या फोनवरून शिंदखेडा स्टेशनला निरोप दिला. तिथल्या बाबूनं चिठ्ठी लिहून आमच्या गावात माणूस धाडला : 'लताबाई १७.३० ला घरी पोहोचते. थांबा.' रेल्वेवाले वेळ अशीच लिहितात. आमच्या घरी तर चहासुद्धा सोळा वाजता होतो.

पण गावात घड्याळ एकट्या आमच्या चुलत्यांच्या, जीवरामनानांच्या मनगटावर, आणि अक्कलही सगळी तिथंच! चिठ्ठी वाचून म्हणाले, "घड्याळमा बारानापुढे आकडा ऱ्हास का? बाबूनी एकना आकडा जास्तीना लिखी टाका. हाई साडेसातच शे." चिंधा म्हणाला, स्टेशनावर विचारून येतो. "मन्हावर भरोसा नही का तुले?" झालं, चिंधा गेलाच नाही. दिवस बुडाल्यावर आमच्याकडे अग्नी देत नाहीत, आणि मे महिन्यात रात्रभर ठेवणार कसं? साडेचारलाच उचललं.

मी टांग्यातून उतरले तर ओटा धुतलेला. अगं आई गं! बायका मसणात जात नाहीत, मी गेले. चितेनं चांगला पेट घेतला होता. चिंधानं मला घट्ट धरलं. पिशवीत आईसाठी घेतलेलं लुगडं तसंच होतं.

"तू ते साडेसातले येणार व्हती ना, बेटा?" नाना म्हणाले.

मी त्यांचं मनगट ओढून पाहिलं. काटे साडेपाचच्या जरासे पुढे होते. मी वेळेवर आले होते.

दहाव्याला गिरधरनं नानांना समजावलं, बारानंतर तेरा, चौदा कसे मोजतात ते. नानांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मंग साधं साडेपाच लिखाले काय धाड भरनी व्हती?" बसलेल्या सगळ्यांनी माना डोलावल्या. चिंधानंसुद्धा. चूक आमचीच ठरली.

आता आईचं तोंड आठवायला बसले की तीन वर्षांपूर्वीचं येतं, एसटीच्या खिडकीखालचं. लवकर ये म्हणत होती.