शेवटचा कामाचा दिवस

कारखान्यात मला सगळे पगारताई म्हणतात. परवा सख्खी पुतणीसुद्धा चुकून तेच म्हणाली. बावीस वर्षं झाली, एकशे चाळीस शिलाई कामगारांची हजेरी, रजा आणि पगार मी एकटी बघते, आणि माझ्या कामात कुणी नाक खुपसलेलं मला खपत नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे जे झालं त्यात माझ्या या स्वभावाचा वाटा मोठा आहे.

यंदा साहेबांनी ऑफिसात एआय एजंट आणला. बाहेर एक सेवा असते, तिच्याकडे आमच्यासारख्या शेकडो कारखान्यांच्या पगाराच्या आणि नोकरीच्या नोंदी जमा होतात. माणूस कधी लागला, अजून कामावर आहे का, सगळं. एजंटला त्या सेवेशी जोडायचं ठरलं. म्हणजे एखाद्या बँकेने, घरमालकाने किंवा सरकारी कचेरीने कामगाराच्या संमतीने चौकशी केली, की उत्तर तो देणार. आजवर ती पत्रं माझ्या टेबलावर यायची आणि मी सवडीने उत्तरं लिहायची. आता त्या एजंटसाठी नवा संगणक, नवी खुर्ची, वर पंखासुद्धा नवा. मशीनला पंखा कशाला हवा, हे कुणी विचारलं नाही. मी त्याचं नाव जावईबापू ठेवलं आणि ते सगळ्यांनी उचललं.

जोडणी करायला एक बाई आल्या होत्या. चष्मा कपाळावर, आवाज हळू. परवानग्यांची यादी पडद्यावर आणून त्यांनी मला विचारलं की उत्तर पाठवण्याआधी एजंटने तुम्हाला दाखवावं का? मी म्हटलं, म्हणजे दिवसातून पन्नासदा हा माझं डोकं खाणार. त्या म्हणाल्या, महिनाभर तरी दाखवू द्या, जुन्या नोंदींत काय काय असतं ते आधी कळलेलं बरं. मला ते झोंबलं. माझ्या नोंदींत काही नसतं, असं त्यांना ठणकावून सांगितलं आणि ‘न विचारता उत्तर द्यावे’ या ओळीपुढे स्वतःच्या हाताने खूण केली.

आता माझ्या नोंदींत काय होतं ते सांगते. आमच्याकडे आजारपणाची लांब रजा बिनपगारी असते, पण जागा राहते. मात्र रजा तीन महिन्यांवर गेली की त्या माणसाला ठेवायचं की नाही हे साहेबांच्या मर्जीवर. रजेच्या रकान्यात तारीख पडली की तीन महिने आपोआप मोजले जातात. म्हणून मी तो रकाना कोरा ठेवायची आणि खालच्या ‘शेवटचा कामाचा दिवस’ या रकान्यात तारीख टाकायची, माझ्या आठवणीपुरती. तो रकाना खरं तर नोकरी सोडून गेलेल्यांचा. पण तो कुणी वाचतच नसे. माणूस बरा होऊन आला की तारीख पुसायची, झालं काम. अशी सात-आठ माणसं मी सांभाळून घेतली. मला त्याचा अभिमान होता, खोटं कशाला बोलू.

कटिंग मास्तर त्यांतलेच. वीस वर्षं कापडाचे थर कापून कापून उजवा खांदा कामातून गेला, शस्त्रक्रिया झाली, चार महिन्यांपासून ते घरीच होते. भिडस्त माणूस. पगाराची चिठ्ठी दिली की उघडूनही न बघता घडी घालून खिशात टाकणार. एकदा मी म्हटलं, अहो, बघा तरी. तर म्हणाले, तुम्ही लिहिलंय ना, मग बघायचं काय?

त्यांची एकुलती एक मुलगी गेल्या वर्षी गेली. तिची सहा वर्षांची पोर, बापही नसल्याने, सरकारी बालगृहात होती आणि मास्तरांनी तिला घरी आणण्यासाठी अर्ज केला होता. घर बघून झालं होतं, शेजाऱ्यांना विचारून झालं होतं. आजोबांना कायमची नोकरी आहे का, एवढंच बघायचं राहिलं होतं. गुरुवारी सुनावणी होती.

बुधवारी सकाळी चहा पिता पिता मी जावईबापूंनी पाठवलेली उत्तरं चाळत होते, चुका सापडतात का या एकाच इच्छेने. सोमवारचं एक उत्तर बालकल्याण कचेरीला गेलेलं. मास्तरांचा नोकरी क्रमांक आणि पुढे: ‘सेवेत नाही.’ कप खाली ठेवताना अर्धा चहा टेबलावर सांडला.

मी त्याला रागाने विचारलं, तुला हे कुणी सांगितलं? त्याचं उत्तर लगेच पडद्यावर आलं. ‘शेवटचा कामाचा दिवस या रकान्यात तारीख आहे. ती तुमच्या नावाने भरलेली आहे. रजेचा रकाना कोरा आहे, म्हणून नोकरी संपली असं मी समजलो. ही नोंद चुकीची आहे का?’

शिव्या द्यायला तोंड उघडलं होतं, पण द्यायच्या कुणाला?

साहेबांकडे गेले. त्यांनी ऐकून घेतलं आणि सोपा मार्ग काढला. मशीनची चूक म्हणून सेवेकडे तक्रार करा, आपण नामानिराळे. मी तिथूनच सेवेच्या माणसाला फोन लावला. त्याने सांगितलं की एजंटची चूक असेल तर चौकशीला तीन आठवडे लागतील. नोंद भरणाऱ्यानेच, मी चुकीची भरली, असं कारणासकट लिहून दिलं तर दुरुस्ती आज दुपारी होईल.

कारणासकट म्हणजे सगळंच आलं. रजा लपवली, जाणूनबुजून लपवली, आणि मास्तरांची रजा तीन महिन्यांवर गेली आहे. मी लिहून दिलं. साहेबांनी ते दोनदा वाचलं. त्यांचा चेहरा उतरला. ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

“म्हणजे इतकी वर्षं तुम्ही माझ्या डोळ्यांत धूळ फेकत होतात,” एवढंच म्हणाले.

त्यांनी सही केली. तुमचं आणि मास्तरांचं काय करायचं ते सोमवारी बघू, असं म्हणून त्यांनी कागद माझ्याकडे सरकवला. दुपारी तीन वाजता दुरुस्त उत्तर कचेरीला पोचलं. मी मास्तरांना तीनदा फोन लावला, त्यांनी उचलला नाही. न उचलल्याचं मला मनातून बरंच वाटलं. संध्याकाळी घरी सगळं सांगितलं तर आमचे हे म्हणाले, चांगलं करायला गेलीस आणि आपल्याच अंगावर घेतलंस. मी म्हटलं, माझ्या अंगावर आलं असतं तर चाललं असतं.

गुरुवारी रजा टाकून मी कचेरीत गेले. लांबलचक बोळ, भिंतीला टेकून बाकं. मास्तर शेवटच्या बाकावर बसले होते, इस्त्रीचा शर्ट, उजवा हात गळ्यात बांधलेला, मांडीवर कागदी पिशवी. मला बघून उठायला लागले. मी त्यांना बसवलं आणि एका दमात सांगून टाकलं की कचेरीला चुकीचं कळलं होतं, ते काल दुरुस्त झालं, चूक मशीनची नाही, माझी. नोकरी आहे तुमची.

ते म्हणाले, कचेरीतल्या मॅडमनी मंगळवारी बोलावलं होतं. तुम्ही नोकरीवर नाही असं दिसतंय, म्हणाल्या. काही म्हणायचं असेल तर गुरुवारी म्हणा, नाहीतर अर्ज मागे घेता येतो.

“मग तुम्ही काय केलंत?”

“घेतला मागे. डाव्या हाताने सही केली.”

“अहो मास्तर, मला एक फोन करायचा ना. विचारायचं तरी.”

“काय विचारायचं, ताई? त्यांनी पडदा फिरवून दाखवला मला. नोंद तुमच्या नावाने भरलेली होती.”

मास्तरांना वाटलं होतं कारखान्याने गुपचूप काढून टाकलं आणि मला सांगायला जड गेलं. म्हणून त्यांनी माझे फोनही उचलले नव्हते. ताईंना उगाच अवघडल्यासारखं होईल, म्हणाले. आणि आज ते सुनावणीला आलेच नव्हते. पोर सोमवारी दुसऱ्या एका कुटुंबाकडे राहायला जाणार होती, तिच्यासाठी फ्रॉक शिवला होता, तो द्यायला आले होते. पिशवीतून काढून मला दाखवला. डाव्या हाताने कापलाय, म्हणाले, गळा जरा वाकडा झालाय.

मी आत गेले. मॅडम वाईट नव्हत्या. दुरुस्त उत्तर त्यांनी पाहिलं होतं, पण तोवर अर्ज मागे घेतल्याचा कागद फायलीला लागून वर गेला होता. आता तो परत येत नाही, नवा अर्ज भरा, म्हणाल्या. दोन महिन्यांनी सुनावणी लागेल. तोवर पोर त्या कुटुंबात रुळली, तर तिला पुन्हा हलवायचं की नाही याचाही विचार करावा लागेल. हे त्यांनी शक्य तितक्या हळू आवाजात सांगितलं.

कोरा अर्ज घेऊन मी बाहेर आले. मास्तरांना लिहिता येईना, म्हणून मीच बाकावर बसून भरायला घेतला. अर्जदाराचं नाव, वय, पत्ता, मुलाशी नातं. मी भराभरा लिहीत गेले, बावीस वर्षांची सवय. मग प्रश्न आला, अर्जदार सध्या नोकरीवर आहे का? मी लिहिलं, ‘हो.’ त्यांना ठेवायचं की नाही ते साहेब सोमवारी बघणार आहेत, हे मास्तरांना अजून सांगितलं नव्हतं.

मास्तर वाकले. खिशातून चष्मा काढून एका हाताने डोळ्यांवर चढवला आणि मी लिहिलेलं बोटाने एकेक ओळ करत वाचू लागले. त्या ओळीवर बोट थांबलं.

“नक्की ना, ताई?” त्यांनी विचारलं.