हौसाताईच्या दातांतला ब्रश

बोलायला तोंड लागतं म्हणतात. मग माझा हक्क पक्काच आहे. माझं सगळं आयुष्य एका तोंडात गेलं. मी सहा नंबरचा रंगाचा ब्रश. माझ्या दांड्यावर ‘खारीचे अस्सल केस’ असं छापलंय. केस नायलॉनचे आहेत. खारींच्या दृष्टीनं बरंच झालं.

मुरबाडच्या एका वह्या-पुस्तकांच्या दुकानातून मला धसईच्या हौसाताईनं घेतलं. तिला दोन्ही हात नाहीत. विशीत ती बिगारी कामाला जायची. स्लॅबवर उभं राहून लोखंडी सळई उचलली, ती वरच्या विजेच्या तारेला लागली, आणि हात खांद्याजवळून कापावे लागले. पुढं एका कचेरीत ती कागद घेऊन गेली, तर साहेब मान वर न करता म्हणाले, “अंगठा लावा.” हौसाताईनं टेबलावरचं पेन दातांत धरलं आणि सही केली. साहेबांनी ते पेन पुन्हा वापरलं नाही. ताईनं मात्र दात वापरायचं सोडलं नाही. सहीवरून ती अक्षरांवर आली, अक्षरांवरून चित्रांवर.

निसटू नये म्हणून माझ्या दांड्याला सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळलीय. तिची चव वाईट लागते, असं ताई म्हणते. तिच्या मिसरीबद्दल मी कधी काही बोललो नाही.

मुरबाडातच एका संस्थेच्या रिकाम्या खोलीत ती दर रविवारी अपंग मुलांना चित्रकला शिकवू लागली. अकरा मुलं. त्यांत नऊ वर्षांची काशी. तिचे हात सारखे थरथरतात. तिची आई गोजाबाई पहिल्याच दिवशी म्हणाली, “हिला काय येनार नाय. घरी रडत बसते म्हनून आनली.”

ताईनं दुसऱ्या मुलीकडून मला काशीच्या मनगटाला फडक्यानं बांधून घेतलं.

“ताई, हात हलतोय,” काशी म्हणाली.

“हलू दे गो. कोंबडा काढ. कोंबडा कुठं गप उभा ऱ्हातो?”

कोंबड्याला सात रविवार लागले. त्या थरथरीनं पिसं अशी फुलली, की आपण खरंच खारीचे असू, असं मलाही घटकाभर वाटलं. ताईनं चित्र बघितलं नि म्हणाली, “शेपूट चुकली. बाकी कोंबडा खरा हाय.” गोजाबाईनं ते तीनदा उलटसुलट करून पाहिलं. कौतुक केलं नाही. आमच्याकडच्या माणसांना ते जरा जड जातं.

मग कार्यक्रम ठरला. मोठे पाहुणे येणार, पोरांची चित्रं बघणार आणि ती खोली कायमची वर्गाला दिल्याचं जाहीर करणार. आदल्या दुपारी संस्थेचे राघो सर एकटेच खोलीत आले. काशीच्या चित्राकडे बघून हळहळले, “पाहुण्यांना कोंबडा काय दाखवायचा.” त्यांनी मला उचललं. तोवर मला अशा पाच धडधाकट, स्थिर बोटांनी कुणी रंगात बुडवलं नव्हतं. आणि त्याच दिवशी मी पहिल्यांदा खोटं बोललो. तासाभरात कोंबड्याचा मोर झाला. राष्ट्रीय पक्ष्याला शेपूट चुकण्याचीही मुभा नसते.

दुसऱ्या दिवशी व्यासपीठाला पाच पायऱ्या होत्या. चाकाच्या खुर्चीतल्या मुलांचा गौरव खालीच उरकला. वर पाहुण्यांनी ताईपुढं नारळ नि पुष्पगुच्छ धरला आणि ती कधी घेते याची वाट बघत उभे राहिले. मग त्यांनी मोर पाहिला. “या मुलीनं काढला? डोळ्यांत पाणी आलं हो.” मी समोरच्या टेबलावरच होतो. त्यांचे डोळे कोरडे होते.

माईक काशीपुढं आला. “हे माझं नाय,” ती म्हणाली. “मी कोंबडा काढलेला. आमच्याकडं मोर नाय.”

राघो सर हसले. “लाजतेय ती. हौसाताई, तुम्हीच सांगा.” आणि माईक हातानं झाकून पुटपुटले, “खोलीचं लक्षात ठेवा.”

खाली बसलेल्या पोरांवरून ताईची नजर फिरली. पावसाळ्यात गळणारी स्वतःची पडवीही तिला आठवली असणार. मग ती माईककडं वाकली. “पोरगी लाजत नाय. खरं बोलते. मोर सरांचा हाय. सत्कार सरांचा करा.”

एकटीच्या टाळ्या वाजल्या, त्या गोजाबाईच्या. पाहुण्यांना दुसरा कार्यक्रम आठवला. त्या खोलीत आता संस्थेच्या प्लॅस्टिकच्या खुर्च्या राहतात. त्या कधी काही बोलत नाहीत.

वर्ग धसईला ताईच्या पडवीत आला. चार मुलांना एवढं लांब येणं जमलं नाही. ताईला ते अजून सलतं, आणि हे मी थट्टेवारी नेणार नाही. काशीला गोजाबाई जीपनं आणते. जीपवाल्याला बजावते, “जरा सरक रे. पोरगी चित्र काढनारी हाय.”

माझे केस आता गळालेत, मानेचा पत्रा सैल झालाय. ताईच्या दातांत नवा ब्रश आहे. मी गोंद लावायला उरलोय. पोरांची चित्रं भिंतीला चिकटवतो. तक्रार नाही.

धसईच्या बाजूला आलात, तर डोकवा. चित्र आवडलं नाही तर तसं सांगा. पोरं भांडतील, ते ऐकून घ्या. प्रेरणा घेऊन घाईनं निघू नका. आणि सुधारून द्यायला हात तेवढा पुढं करू नका. इथं अडलंय ते खोलीवाचून. हातांवाचून नाही.