पिंपळाच्या एकशेआठ फेऱ्या आणि मी

मित्रांनो, मी एक जुने रडार आहे. रडार म्हटले की तुमच्या डोळ्यांपुढे विमानतळावरची मोठी थाळी येईल. मी तेवढे थोर नाही. पोळ्यांच्या डब्याएवढी माझी पेटी आणि तिच्या तोंडावर तांब्याचे आठ चौकोनी तुकडे. हे माझे आठ अँटेना. ते लाटा सोडतात, लाटा समोरच्यावर आपटून माघारी येतात, आणि कोणी जवळ येते आहे की दूर जाते आहे, किती वेगाने, ते मला त्यांवरून कळते.

भिलाईच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात माझा जन्म झाला. पहिली दोन वर्षे मुले मला मैदानावर नेत आणि क्रिकेटच्या चेंडूचा वेग मोजत. पाहुणे आले की मला आधी पुढे करत. मग नवी यंत्रे आली आणि मी कपाटात गेले. डांबराच्या गोळ्यांच्या वासात सहा वर्षे काढली. पण देव उशीर करतो, विसरत नाही. एके दिवशी तिथे शिकवणाऱ्या नीरजा मॅडमनी कपाट उघडले, पदराने माझे तोंड पुसले आणि मला हुडको कॉलनीतल्या आपल्या घरी नेले.

त्यांच्या गल्लीच्या तोंडाशी एक वाईट वळण आहे. भिंतीमुळे गाडीवाल्यांना रस्ता ओलांडणारे दिसत नाहीत. नीरजा मॅडमची लेक वैभवी रोज तिथूनच सायकलने शाळेत जाते. एकदा तर ती थोडक्यात वाचली होती. कोणी ओलांडू लागले की मी ओळखावे आणि गाडीवाल्यांसाठी पिवळा दिवा लावावा, एवढे माझे काम. रस्त्यात बसलेल्या गाईसाठी मात्र दिवा लागू नये, म्हणून जे हलत नाही ते मी सोडून द्यायचे.

पहिल्या परीक्षेला कॉलनीचे सचिव शामसुंदरकाका आले. रेल्वेतून निवृत्त झालेले, शिस्तीचे. त्यांनी आपली सायकल माझ्यासमोरून आडवी नेली. दिवा लागला नाही. पुन्हा नेली. नाहीच लागला.

"नीरजा, तुह्या मशीनच्या हिसाबानं मी बसेल गाय आहो का वो?" ते म्हणाले. "पुढच्या इतवारी आखरी बार पाहू. नाई झालं त याले कपाटातच ठेव."

कपाटाचे मला काही नाही, पण वैभवीची घंटी रोज त्या वळणावर वाजायची होती.

दुसऱ्या दिवशी सोमवती अमावस्या होती. नीरजा मॅडमच्या सासूबाई, अंजनाबाई, समोरच्या मंदिरातल्या पिंपळाला एकशेआठ प्रदक्षिणा घालतात. एका हाताने सुताचा धागा गुंडाळायचा, दर फेरीला एक बत्तासा वाहायचा, आणि फेऱ्या होईपर्यंत मौन. मला तपासायला एकसारखे चालणारे माणूस हवेच होते, म्हणून नीरजा मॅडमनी मला बाल्कनीत बसवले. वेगाची रेघ लॅपटॉपच्या पडद्यावर उमटू लागली.

"अगं बाई, आई मध्येच थांबतात की," त्या जरा मोठ्यानेच म्हणाल्या.

खाली अंजनाबाईंनी मान वर करून असे काही पाहिले, की मला वाटले मौन आता मोडते. पण नाही मोडले. एकशेआठावी फेरी झाली, नमस्कार झाला, आणि मगच त्या जिना चढून वर आल्या.

"काय म्हणत होती वो मघाशी? मी थांबली?"

"आई, बुंध्यामागे तुम्ही दिसत नाही, ते ठीक. पण दर फेरीत बाल्कनीसमोर आलं की रेघ शून्यावर येते. बघा ना."

"व्रताच्या फेरीत मी पायाले थांबू नाई देत."

"मशीन झूठ नाही बोलत, आई."

"मशीन झूठ नाई बोलत, अन् सासू बोलते?" अंजनाबाईंचा आवाज चढला नाही, पण डोळे भरले. मग पदराने डोळे टिपून त्या म्हणाल्या, "मले एक सांग. थकली असती त शेवटी थांबली असती. पयल्या फेरीत कावून थांबीन? अन् एकशेआठ वेळा, एकाच जाग्यावर?"

नीरजा मॅडमनी पुन्हा रेघ पाहिली, पुन्हा पिंपळ पाहिला. मग एकदम हसू लागल्या आणि सासूबाईंच्या पाया पडल्या.

मित्रांनो, मी खोटे बोलले नव्हते, पण अर्धेच खरे बोलले होते. कोणी जवळ येते किंवा दूर जाते तेच मला कळते. समोरून आडवे जाणारे त्या क्षणी ना जवळ येते ना दूर जाते, म्हणून मला ते उभे वाटते. अंजनाबाई तशा, शामसुंदरकाकांची सायकलही तशीच. माझे आठही अँटेना एकाच बाकावर खेटून बसलेले, त्यामुळे सगळ्यांची चूक एकच.

नीरजा मॅडमनी माझे चार अँटेना दुसऱ्या पेटीत घातले आणि ती पेटी बाल्कनीच्या दुसऱ्या टोकाला ठेवली. दोन्हींचा ठोका एक राहावा म्हणून मध्ये तार ओढली. आता एका पेटीपुढून जे आडवे जाते, ते दुसरीच्या जवळ येत असते किंवा तिच्यापासून दूर जात असते. दोघींचे जोडले की खरा वेग हाती येतो. मंगळवारी अंजनाबाई पुन्हा अकरा फेऱ्या फिरल्या, या वेळी मौन नसल्यामुळे मला चार शब्द सुनावत. बुंध्याची आड सोडली तर रेघ एकदाही खाली बसली नाही.

रविवारी वळणाच्या दोन्ही बाजूंना माझ्या दोन पेट्या लागल्या. शामसुंदरकाकांनी सायकल आडवी घातली आणि दिवा लागला. ते परत फिरले, पुन्हा लागला. मग घंटी वाजवत त्यांनी सात वेळा रस्ता ओलांडला. वैभवी म्हणाली, "काका, अब बस. मेरी बारी है."

अंजनाबाईंनी माझ्या पेटीला कुंकू लावले, तोंडावर नाही, कडेला. लाटांची वाट अडू नये हे त्यांना कोणी सांगितले नव्हते.

मित्रांनो, माझी एवढीच विनंती आहे. माझ्यासारख्या जुन्या यंत्रांना कपाटात टाकण्याआधी एकदा जागा बदलून पाहा. आमच्या तोंडावरची धूळ मऊ फडक्याने पुसत जा. आणि यंत्राचे व माणसाचे जुळेना, तर माणसाला खोटे ठरवण्याची घाई करू नका.

रोज सकाळी मंदिरात जाताना अंजनाबाई माझ्यासमोरून मुद्दाम आडव्या जातात. दिवा लागतो. त्या न थांबता, मान वळवून विचारतात, "दिसली न?"