घशाच्या जागी मी

मी जठर. बोलतोय तो पोटातून नव्हे, गळ्यातून. माझी बदली झाली आहे. हवं तर बढती म्हणा. पण ज्याच्या जागेवर मला बसवलं त्याचंच कौतुक अजून सगळ्यांच्या तोंडी आहे आणि मला ते सहन होत नाही.

माझा मालक बस स्थानकावर गाड्या पुकारायचा. कोणती गाडी कोणत्या फलाटावर, किती उशिरा, सगळं माईकवरून. त्याच्या घशाचा काय तो थाट. थंडीत मफलर, जरा खवखवलं की मध. तो मध माझ्यापर्यंत उरलासुरला यायचा. मी आपला मुकाट दळत असायचो. दुखल्याशिवाय माझी आठवण कुणाला झाली नाही.

मग त्या लाडक्या घशातच गाठ निघाली. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, "घसा, स्वरयंत्र, अन्ननलिका, सगळं काढावं लागेल. श्वास गळ्याच्या पुढच्या छिद्रातून घ्यायचा. गिळायला जठर वर ओढून नवा रस्ता करू."

बायकोने विचारलं, "आणि आवाज?"

हलवणार होते मला, पण माझी चौकशी कोणी केली नाही.

मला खालून सोडवलं, कापून शिवून लांब नळी केली आणि हृदयामागून ओढत थेट जिभेच्या मुळाशी नेऊन टाचलं. जन्मभर पिशवी होतो, एका दिवसात नळी झालो. तो जोड उसवला असता तर मालकाच्या जिवावर बेतलं असतं. मी घट्ट धरून राहिलो. औषध पाजून एक्स-रे काढला तेव्हा थेंबभरही गळती नव्हती. बायको डोळे पुसत म्हणाली, "गिळता येतंय. आता आवाज तेवढा यायला हवा होता." म्हणजे पुन्हा त्याचंच.

घरी आल्यावर तिने मायेपोटी ताट भरून वाढलं. जेवून मालक सवयीने आडवा झाला. माझ्या तोंडावरचं झाकण तर अन्ननलिकेबरोबरच गेलेलं. सगळं उलटून उशीवर आलं.

उशीचा अभ्रा बदलताना ती पुटपुटली, "घसा होता तेव्हा असं कधी झालं नाही हो."

ऐकलंत? आजार आणला त्याने, निस्तरतोय मी, आणि नावं मलाच.

पुढे थोडं थोडं, ताठ बसून खाणं सुरू झालं. गाडीवाले मित्र भेटायला यायचे. मालक बोलत नाही म्हणून त्याच्याशी ओरडून बोलायचे, जणू काही त्याचे कानच काढले होते. जाताना हटकून त्या जुन्या आवाजाची आठवण काढायचे. ते गेले की मालक वाटी बाजूला सारायचा. दिवसेंदिवस तो वाळत चालला. मुक्याने जगण्यात त्याला रस उरला नव्हता, आणि त्याने खाल्लं नाही तर मी तरी काय करणार?

शेवटी डॉक्टरांनी श्वासनळी आणि माझ्यामध्ये एक छोटी झडप बसवली. बोलायला शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, "छिद्रावर अंगठा दाबा आणि श्वास सोडा. हवा जठरात शिरेल, तिथे आवाज होईल."

जठरात! मला गुरगुरण्यापलीकडे काय येतं? पण मालकाला ते पहिल्याच दिवशी जमलं. माईकचं बटण अंगठ्याने दाबायचं, क्षणभर थांबायचं, मग बोलायचं, हे त्याच्या हाताला ठाऊक होतं. जाडाभरडा, ओलसर आवाज निघाला. तो ऐकून मालकच शरमला. घरी त्याने अंगठा छिद्राकडे नेलाच नाही.

काल बायको मागे कपडे वाळत घालत होती आणि शेगडीवरचं दूध वर आलं. मालक खुर्चीतून उठेपर्यंत ते सांडलंच असतं. त्याने अंगठा दाबला.

"अगं, दूध!"

"आले, आले," म्हणत ती धावत आली, शेगडी बंद केली आणि हात तसाच बटणावर ठेवून उभी राहिली.

"पुन्हा बोला."

"दूध," मी म्हणालो. म्हणजे तो म्हणाला.

ती खालीच बसली. हसत होती की रडत होती कळेना. "तुमचाच आवाज आहे हो. अगदी तसाच."

तसाच? त्या घशाचा एक कण शिल्लक नाही तिथे. तो आवाज माझा होता, सबंध माझा. तुमची गाठ पडली तर तिला एवढं सांगाच. पण जरा थांबून सांगा, आत्ता तो जेवतोय.