दुपारचा अपहरणपट

चिमणाबाईंनी पडद्यावरच्या ड्रायव्हरकडे बोट दाखवले.

“हाच फितलेला आहे. मालकाच्या पोरीला ह्यानेच पळवायला लावलं.”

“आई, अजून निम्मा सिनेमा बाकी आहे,” सुनील म्हणाला. त्याचे लक्ष हातातल्या मोबाइलकडे होते.

“असू दे. साचा तोच. करमणूक करतो, नाही म्हणत नाही मी. पण डोकं चालवलेलं नाही.”

मखमलाबादच्या त्या मळ्यातल्या घरात चिमणाबाईंचे मत हाच निकाल असे. गुलाब कोणत्या व्यापाऱ्याला द्यायचा, सून माहेरी कधी जाणार, सारे त्याच ठरवीत. नात निकिताला परत आणायचे, हेही त्यांनीच ठरवले. एकलहऱ्याच्या वीज केंद्रात नोकरीला असलेल्या ज्ञानेशशी तिने कचेरीत जाऊन लग्न केले होते. आजीने अंथरूण धरले आहे, एवढा निरोप पुरला. पोर धावत आली. तेव्हापासून माडीवरच्या खोलीला बाहेरून कडी होती. दिवेलागणीला ओळखीचा ड्रायव्हर भिकन गाडी आणणार होता. चांदवडला, सुनीलच्या बहिणीच्या मळ्यावर, तिला डोके ठिकाणावर येईपर्यंत ठेवायचे होते.

पडद्यावर एका बंद गिरणीत मुलीला खुर्चीला बांधले होते.

“आणि खिडकीला फळ्या,” चिमणाबाई म्हणाल्या. “रस्त्यावरचं माणूस विचारणार नाही का? पोरीला ताप आहे म्हणून सांगावं, कोणी दारात फिरकत नाही.”

सुनील हसला, आणि लगेच पुन्हा मोबाइलमध्ये पाहू लागला. स्वयंपाकघरात ताट वाढणाऱ्या निकिताच्या आईचा, शुभांगीचा, हात थांबला. सकाळीच शेजारच्या सरुबाईला तिने, सासूच्या सांगण्यावरून, नेमके हेच सांगितले होते.

गिरणीत आता टोळीतली एक बाई जेवण घेऊन आली.

“ही विरघळणार. प्रत्येक सिनेमात अशी एक बाई असतेच. जेवण देता देता दार उघडं…”

वाक्य तिथेच राहिले. शुभांगी ताट घेऊन अंगणातल्या जिन्याकडे निघाली होती.

“ताट इकडे दे. आज मी नेते.”

“आई, तुमचे गुडघे दुखतात.”

“माझ्या गुडघ्यांचं मी बघते.”

शुभांगीने ताट दिले. एरवी सासूसमोर खाली जाणारी तिची नजर आज वर राहिली.

कडी काढून चिमणाबाई आत गेल्या. निकिता भिंतीला टेकून बसली होती. तिच्या मांडीवर पसरलेल्या ओढणीत नारळ होता, तांदूळ, हळकुंड, खणाची घडी. कपाळावर ठसठशीत कुंकू.

“ओटी कोणी भरली?”

“आईने. सकाळी चहा द्यायला आली तेव्हा.”

“काही बोलली?”

“संध्याकाळी मला निरोप द्यायला तुम्ही आलात की तुम्हाला दाखव म्हणाली. एवढंच.”

ओटी भरून सासरी निघालेल्या लेकीला उंबऱ्यावर अडवायचे नाही, मागून हाक मारायची नाही. ही त्या घराची रीत होती. शुभांगी नवी नवरी असताना माहेरी तिच्या आईने भरलेली ओटी घेऊन सासरी यायला निघाली, आणि तिच्या भावाने रागाने वाट अडवली. तेव्हा न्यायला गेलेल्या चिमणाबाईंनीच त्याला दंडाला धरून बाजूला केले होते.

त्यांनी ताट खाली ठेवले. जमिनीवर तांदळाचे काही दाणे सांडले होते. वाकायला कष्ट पडत होते, तरी त्यांनी ते एकेक करून वेचले आणि नातीच्या ओटीत टाकले.

“जेवून घे. उपाशी पोटी निघू नये.”

निकिता त्यांच्याकडे पाहत राहिली. त्या मात्र मागे वळून न बघता जिना उतरल्या.

“भिकन लवकरच निघालाय,” सुनील म्हणाला. “पंचवटी ओलांडली म्हणतो. कडी नीट लावलीस ना, आई?”

चिमणाबाई खुर्चीत बसल्या. पदर सारखा करायला त्यांना जरा वेळ लागला. स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज नव्हता. डोक्यावर, माडीच्या फळीवर, एक पाऊल पडले.

“टीव्हीचा आवाज वाढव,” त्या म्हणाल्या. “मला ऐकू येत नाही.”